नव्वदची बासष्ट मिनिटं: जवळपास एकट्याने केलेल्या ॲक्शन ॲनिमेशनपटाचं प्रकरण

## पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या माणसाला मी इथे फक्त दिग्दर्शक म्हणणार आहे. फिल्मचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील त्याच्याशी बोलून बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र जसा होता तसाच आहे. मी आवाजाचं काम करते. या फिल्मवर मी तिसऱ्या वर्षी आले, त्यामुळे आधीचं जे लिहिते आहे ते त्याच्या कामाच्या वह्यांमधून. किती तास बसलो, कोणता शॉट उघडला, किती सेकंद पुढे सरकलं, एवढं तो रोज रात्री तीन ओळींत लिहून ठेवतो. त्या वह्या नसत्या तर हे प्रकरण लिहिताच आलं नसतं.

दिग्दर्शक मूळचा कॅरेक्टर ॲनिमेटर. सात-आठ वर्षं त्याने दुसऱ्यांच्या फिल्मांमधली पात्रं चालवली, पळवली, पाडली. शरीराचं वजन पडद्यावर कसं दिसतं हे त्याच्या हातात बसलेलं होतं. मॉडेलिंग, प्रकाशयोजना आणि संकलन कामापुरतं येत होतं, आवाजाचं काहीच येत नव्हतं. २०२०च्या सुरुवातीला त्याने नोकरी सोडली. आठवड्यातले दोन दिवस बाहेरची कामं आणि उरलेले दिवस स्वतःची फिल्म, अशी त्याने वाटणी केली. हाताशी एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक होता आणि ब्लेंडर हे त्रिमितीय ॲनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर.

गोष्ट अशी: बंद पडत आलेल्या एका खाणीत रोपवे चालवणारी मध्यमवयीन बाई आहे. एका रात्री वरच्या टप्प्यावर अडकलेल्या एका मुलाला तिला खाली आणायचं आहे आणि मधल्या प्रत्येक थांब्यावर त्या मुलाच्या मागावर असलेली टोळी उभी आहे. पटकथा १०४ पानांची, ठरवलेली लांबी ९० मिनिटं. पहिल्या मसुद्यात गजबजलेला बाजार होता, पूर होता, भर पावसातला पाठलाग होता. बाईचे केस लांब आणि मोकळे होते.

## अडचण

पहिल्या आठ महिन्यांत चार मिनिटं झाली.

चार मिनिटं दिसायला देखणी होती. ती पाहून ओळखीतल्या सगळ्यांनी पाठ थोपटली आणि माझ्या मते तिथेच धोका होता, कारण कौतुकाच्या भरात कोणी भागाकार केला नाही. तो त्याने स्वतः केला, सप्टेंबरमधल्या एका रात्री. ९० मिनिटं म्हणजे चार-चार मिनिटांचे साडेबावीस तुकडे. एका तुकड्याला आठ महिने, म्हणजे एकूण १८० महिने. पंधरा वर्षं. वहीत त्या तारखेखाली नेहमीच्या तीन ओळी नाहीत, फक्त हा आकडा आहे आणि त्याखाली दोन रेघा.

ॲनिमेशनला वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ९० मिनिटांच्या १,२९,६०० होतात. मोठ्या स्टुडिओच्या फिल्मांमध्ये एक ॲनिमेटर आठवड्याला साधारण तीन-चार सेकंदांचं काम देतो. आपल्या दिग्दर्शकाचा वेग आठवड्याला सात सेकंद पडत होता, म्हणजे तो काही रेंगाळत नव्हता. अडचण ॲक्शनच्या स्वभावात होती. दोन माणसं टेबलाशी बसून बोलत असतील तर एक पोझ धरून ठेवता येते आणि डोळे, मान, एखादा हात एवढ्यावर दृश्य तरून जातं. मारामारीत पोझ धरता येत नाही. शिवाय दोन शरीरं एकमेकांना भिडली की काम दुपटीहून जास्त वाढतं. एकाने दुसऱ्याची कॉलर पकडली की कॉलर हाताबरोबर जायला हवी, हात खांद्याबरोबर, खांदा पायांच्या रेट्याबरोबर. त्यातलं एक बदललं की सगळं पुन्हा जुळवायचं.

## समोरचे पर्याय

पुढचे सहा आठवडे त्याने एकही शॉट केला नाही. हा काळ तो वाया गेलेला मानायचा. मी मानत नाही, फिल्म त्या सहा आठवड्यांत वाचली.

पहिला पर्याय होता माणसं जमवायचा. चार मिनिटांचा नमुना दाखवून पैसे उभे करायचे आणि दहा-बारा जणांचा चमू बांधायचा. त्याने चौकशी केली होती. पैसे देऊ शकणाऱ्यांना नायिका तरुण हवी होती आणि शेवट वेगळा हवा होता. ते त्याला मान्य नव्हतं.

दुसरा, बारा मिनिटांचा लघुपट. व्यवहाराने पाहिलं तर हाच शहाणपणाचा होता आणि माझ्याकडे कोणी आज पहिल्या फिल्मसाठी सल्ला मागितला तर मी हाच देईन. पण रोपवेचे सात थांबे आणि दर थांब्यावर बाईचं थोडं थोडं थकत जाणं, हा या गोष्टीचा जीव होता. बारा मिनिटांत थकवा दाखवता येतो, तो प्रेक्षकाच्या अंगात उतरवता येत नाही.

तिसरा, सगळं मोशन कॅप्चरवर करायचं, म्हणजे खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून त्या पात्रांना द्यायच्या. त्याने सेन्सर लावलेला सूट आठवडाभर उसना आणला आणि स्वतः उड्या मारून पाहिल्या. चालणं, वाकणं, शिडी चढणं सुरेख आलं. मारामारी मात्र फुसकी आली. कारण साधं आहे: खेळणारी माणसं एकमेकांना खरोखर मारत नाहीत. फटका आवरता घेतला जातो आणि ज्याला तो लागतो त्याच्या शरीरात खरा धक्का शिरतच नाही, तो अभिनय करतो. कॅमेऱ्यात ते संकलनाने आणि कोनाने झाकता येतं. सूटमधून मात्र फक्त शरीराची हालचाल येते, त्यामुळे आवरलेला फटका आवरलेलाच दिसतो. अशा सूटमध्ये पाय जमिनीवर घसरल्यासारखे दिसतात तेही होतंच. सेन्सरमधली बारीक चूक साचत जाते आणि ती हाताने दुरुस्त करावी लागते.

चौथा पर्याय पूर्ण लांबीच्या जवळ राहायचा, पण एका माणसाच्या तासांत बसेल अशी गोष्ट पुन्हा लिहायचा.

असं होऊ शकतं याचा एक दाखला त्याच्यासमोर होता. गिंट्स झिल्बालोडिस या लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाची ‘अवे’ ही ७५ मिनिटांची फिल्म २०१९ मध्ये आली होती. संगीतासकट सगळं त्याने एकट्याने, सुमारे साडेतीन वर्षांत केलं होतं. त्या फिल्ममध्ये संवादच नाहीत. आपल्या दिग्दर्शकाने तिच्यातून शैली घेतली नाही. एकट्या माणसाने गोष्टच अशी निवडायची की तिला जे लागणार नाही ते आधीच बाहेर ठेवता येईल, एवढं त्याने घेतलं. (त्याच झिल्बालोडिसने पुढची ‘फ्लो’ चमूबरोबर केली, तीही ब्लेंडरमध्ये, आणि २०२५ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. म्हणजे एकटं काम करणं हा त्याचाही हट्ट नव्हता.)

निवड चौथ्या पर्यायाची झाली. तिसऱ्यातला अर्धा भाग त्यात मिसळला: चालणं-चढणं सूटवरून घ्यायचं, भिडणं हाताने करायचं.

## काय केलं

### पटकथेची कापाकापी

बाजार गेला, पूर गेला, पाऊस गेला. गर्दी आणि पाणी या दोन गोष्टी एकट्याच्या फिल्मला बुडवतात. बाईचे मोकळे केस गेले आणि ते हेल्मेटखाली घट्ट बांधले गेले. रोपवेवर काम करणारी बाई केस मोकळे सोडून चालेल असं त्याला पहिल्यांदा का वाटलं होतं, हे त्याचं त्यालाच नंतर उमगेना. टोळीतल्या माणसांच्या तोंडावर धुळीपासून बचावाचे मुखवटे आले, त्यामुळे अकरा माणसांचे चेहरे आणि ओठ हलवायची गरज संपली. त्या अकरांच्या आत एकच सांगाडा, म्हणजे एकच रिग. वर कपडे, उंची आणि उभं राहायची ढब वेगळी. खाणीतली धूळ मागचे तपशील गिळून टाकत होती, म्हणून सेट निम्मेच बांधावे लागले.

यातली प्रत्येक कपात गोष्टीच्या आतून आली आहे. धूळ आहे म्हणून मुखवटे, काम आहे म्हणून हेल्मेट. प्रेक्षकाला काटकसर दिसत नाही, खाण दिसते.

लांबी ९० वरून ६२ मिनिटांवर आली. अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या व्याख्येत ४० मिनिटांहून मोठी फिल्म पूर्ण लांबीची धरली जाते आणि बरेच महोत्सव त्याच्या आसपासची रेघ आखतात. त्यामुळे ६२ ला पूर्ण लांबीच्या विभागात दार उघडं होतं. ६२ मिनिटं म्हणजे ३,७२० सेकंद. आठवड्याला १८-१९ सेकंद निघाले तर चार वर्षं. हा आकडा त्याने भिंतीवर लावला.

### रेंडरचा निर्णय

ब्लेंडरमध्ये रेंडर करायचे, म्हणजे शॉटमधून पक्कं चित्र तयार करायचे, दोन मुख्य रस्ते आहेत. सायकल्स प्रकाशाच्या किरणांचा माग काढत जातं, त्यामुळे चित्र खऱ्यासारखं येतं पण सावकाश. ईव्ही व्हिडिओ गेमच्या पद्धतीने काम करतं. २०१९च्या २.८० आवृत्तीपासून ते ब्लेंडरमध्ये आहे. दिग्दर्शकाच्या संगणकावर सायकल्सला एका फ्रेमला सुमारे चार मिनिटं लागत होती, ईव्हीला १५ सेकंद. ६२ मिनिटांच्या ८९,२८० फ्रेमना सायकल्सने २४८ दिवस लागले असते, यंत्र एक क्षणही न थांबता. ईव्हीने साडेपंधरा दिवस. शिवाय कोणताही शॉट एकदाच रेंडर होत नाही, दोन-तीनदा होतोच.

ईव्ही घेतलं तर सावल्या आणि परावर्तित प्रकाश कच्चे दिसतात. त्यावर त्याने दृश्यांची रंगसंगतीच बदलली: मोठे सपाट काळोखाचे पट्टे, एका बाजूने येणारा दिव्याचा झोत, मध्ये धूळ. मी फिल्म पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ही शैली वाटली होती. ती वेळेतून जन्मली हे मागाहून कळलं.

सॉफ्टवेअरच्या आवृत्तीबाबतही असाच एक निर्णय झाला. मध्यंतरी एकदा त्याने उत्साहात नवी आवृत्ती घेतली. दुसऱ्या फाइलमधली पात्रं शॉटमध्ये आणायची जुनी प्रॉक्सी पद्धत जाऊन तिथे लायब्ररी ओव्हरराइड आलं होतं. कित्येक शॉटमधली पात्रं मोडून पडली आणि तीन आठवडे डागडुजीत गेले. त्यानंतर २०२३ मध्ये ३.६ ही दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती त्याने पक्की केली आणि फिल्म संपेपर्यंत हलवली नाही. जुलै २०२४ मध्ये ४.२ आली, तिच्यात ईव्ही नव्याने लिहिलेलं होतं आणि दिव्यांभोवती चमक आणणारी ब्लूमची सोय रेंडरच्या सेटिंगमधून निघून कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडर झालेल्या चित्रावर पुढचं काम करायच्या भागात, गेली होती. या फिल्ममध्ये तर जवळपास प्रत्येक शॉटमध्ये एक दिवा आहे.

### एक फटका, ३८ फ्रेम

तिसऱ्या थांब्यावरचा एक शॉट जवळून सांगते, कारण माझी या फिल्मशी ओळख त्या शॉटपासून झाली. रोपवेच्या डब्यात बाई मोठा पाना फिरवते आणि तो समोरच्या माणसाच्या खांद्यावर बसतो. एकूण ३८ फ्रेम, दीड सेकंदाच्या वर थोडंसं.

त्याचा फोन आला. “अगं, फटका लागतच नाहीये. आवाजाने काही होईल का बघ.”

मी फाइल पाहिली. हालचाल सफाईदार होती आणि तीच अडचण होती. पाना वर जातो, खाली येतो, खांद्याला टेकतो, माणूस मागे जातो, सगळं एकसारख्या गतीने. मी आवाज लावून पाहिला तर तो वरून चिकटवल्यासारखा वाटला. “आवाज बसायला जागाच नाही इथे,” मी म्हणाले. मग आम्ही दोघं एकेक फ्रेम पुढे-मागे करत बसलो.

शेवटी असं झालं. पाना मागे नेऊन वर उचलण्याचा वेळ वाढवला, त्याला १४ फ्रेम दिल्या. १७व्या फ्रेमला पाना वर. १८व्या फ्रेमला पाना पाना राहत नाही, लांबट ओघळलेला पट्टा होतो. ॲनिमेटर याला स्मिअर म्हणतात. १९व्या फ्रेमला पाना खांद्याच्या पार खाली. पाना खांद्याला नेमका टेकतो ती फ्रेम काढूनच टाकली, डोळा ती स्वतः भरून घेतो. नंतर तीन फ्रेम दोघंही थिजलेले. मग खांदा आधी जातो, डोकं दोन फ्रेम उशिरा ओढलं जातं, आणि कॅमेऱ्याचा हिसका त्याच्याही नंतर. मी माझ्या बाजूने फटक्याआधीच्या चार फ्रेममधला आवाज पूर्ण काढला, वाऱ्याचा आणि तारेचा घरघराटही. मग त्या शांततेवर तीन थर: वरचा कोरडा कडका, मधला ओल्या जाड कापडाचा, खालचा पोकळ ठोका.

त्या दिवशी वहीत त्याने लिहिलं आहे, “आवाज शेवटी नाही.” त्यानंतरचा एकही मारामारीचा शॉट त्याने कच्च्या आवाजाशिवाय पक्का केला नाही आणि त्याचा वेग वाढला, कारण आवाज जे काम करत होता ते चित्राने पुन्हा करायची गरज उरली नाही.

### दुसऱ्या वर्षातला पेच

मी येण्याआधीची ही गोष्ट, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय.

दीड-दोन वर्षांनी माणसाचा हात सुधारतो. मग सुरुवातीची मिनिटं डोळ्यांना खुपायला लागतात. याच्याकडे तोवर १९ मिनिटं तयार होती आणि त्यातली पहिली ११ कच्ची दिसत होती. ती पुन्हा करायची का? अंदाज पाच महिन्यांचा होता. नाही केली तर फिल्मची सुरुवातच कमकुवत राहणार आणि प्रेक्षक जो काही विश्वास टाकतो तो सुरुवातीलाच टाकतो. केली तर दोन वर्षांनी हात आणखी सुधारलेला असेल आणि हीच मिनिटं पुन्हा खुपतील.

त्याने नियम केला: शेवटचा शॉट होईपर्यंत पहिला उघडायचा नाही. नियम चांगला होता, पण तो एकदा मोडला. पहिल्या थांब्यावरची ९० सेकंदांची झटापट त्याने सहा आठवडे खपून नव्याने केली. ती आता खरंच देखणी झाली होती. आठ महिन्यांनी सगळ्या फिल्मचं कच्चं संकलन पाहताना कळलं की पहिल्या थांब्यावर झटापट नकोच, तिथे बाईने लपून निसटायला हवं. ९० सेकंद गेली. त्या पानावर वहीत एकही शब्द नाही, शॉटचे क्रमांक आहेत आणि प्रत्येकावर एक काट. मी त्याला विचारलं, इतकं सुंदर काम काढताना काय झालं? तो म्हणाला, “काढताना नाही झालं. ते सहा आठवडे करत होतो तेव्हाच आत कुठेतरी माहीत होतं.”

शेवटी सगळे शॉट झाल्यावर पहिल्या ११ मिनिटांतले फक्त १४ शॉट नव्याने केले. उरलेल्यांना नवा प्रकाश दिला, काही दोन-चार फ्रेमनी छोटे केले. एवढं पुरलं.

### शेवटची मारामारी आणि डावं-उजवं

शेवटची मालिका १४ मिनिटांची होती. तिचं ॲनिमॅटिक, म्हणजे साध्या रेखाटनांना वेळ आणि कच्चा आवाज लावून केलेली फिल्म, पाच जणांना दाखवली. सहाव्या मिनिटाच्या आसपास पाचही जण खुर्चीत हलले. कंटाळा आला का, असं विचारलं तर कोणी हो म्हणेना. मग त्याने वेगळं विचारलं: बाहेर पडायचं दार कुठे आहे? पाच जणांनी तीन वेगवेगळ्या दिशांना हात केले.

कॅमेरा दोघांमधली अदृश्य रेघ ओलांडून पलीकडे गेला की डावीकडचा माणूस उजवीकडे जातो. संवादात हे निभावतं, मारामारीत प्रेक्षकाला दिशाच सापडत नाही. त्याने मालिकेच्या सुरुवातीला सहा सेकंदांचा एक लांबून घेतलेला शॉट टाकला, ज्यात दार, जिना आणि तुटकी तार एकत्र दिसतात. दाराशी एक लाल दिवा लावला आणि तो शक्य तितक्या शॉटमध्ये त्याच बाजूला ठेवला. मालिका आठ मिनिटांवर आली. पुन्हा दाखवली तेव्हा कोणी हललं नाही.

### संगीत

संकलन करताना त्याने एका प्रसिद्ध गाण्यावर मारामारी कापली होती आणि तेच गाणं हवं असा हट्ट धरला. गाणं वापरायचं तर दोन हक्क लागतात: रचनेचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. नीना पेली यांनी जवळपास एकटीने केलेल्या ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ या २००८च्या ॲनिमेशनपटाचा दाखला मी दिला. त्यातली ध्वनिमुद्रणं कित्येक दशकं जुनी होती, पण गाण्यांच्या रचनांचे हक्क शिल्लक होते आणि फिल्म त्या परवान्यांत अडकून पडली. हे ऐकून त्याने हट्ट सोडला.

नवा संगीतकार आला तेव्हा कळलं की कट जुन्या गाण्याच्या लयीतच अडकलेले आहेत. त्याने एक छान उपाय सुचवला: पूर्ण फ्रेममध्ये बसणाऱ्या लयी निवडायच्या. २४ फ्रेमच्या हिशोबात मिनिटाला १२० ठोके म्हणजे दर १२ फ्रेमला एक ठोका, १४४ म्हणजे १०, १६० म्हणजे ९. पाठलाग १४४ वर बसला, शेवटची मारामारी १२० वर. कट एक-दोन फ्रेम सरकवले की ठोका सापडू लागला.

### हात आणि डिस्क

तिसऱ्या वर्षी त्याचं उजवं मनगट धरलं. सहा आठवडे काम निम्म्यावर आलं आणि तेव्हापासून दर ४५ मिनिटांनी गजर लावून उठणं सुरू झालं. हे पहिल्या दिवसापासून हवं होतं. त्याच वर्षी एक डिस्क गेली. रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर होत होती, पण पात्रांवर आणि सेटवर चढवायच्या पोतांच्या चित्रांचा फोल्डर त्यात धरलाच नव्हता. नुकसान चार दिवसांवर निभावलं. नंतर तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम त्याने अक्षरशः पाळला.

## निष्पत्ती

२०२४च्या शरद ऋतूत फिल्म पूर्ण झाली. ६२ मिनिटं, ७४३ शॉट, पावणेपाच वर्षं. श्रेयनामावलीत नऊ नावं आहेत: दिग्दर्शक, तीन आवाज, संगीतकार, मी, मिक्सिंग करणारा, पटकथा वाचून प्रश्न विचारणारी एक मैत्रीण आणि शेवटी रंग पाहणारा एक जण. ॲनिमेशन सगळं एकाच्या हातचं.

पहिला जाहीर खेळ एका लहान महोत्सवात झाला आणि तो आम्हा दोघांनाही जड गेला. खाणीतली निम्मी दृश्यं पडद्यावर दिसेनातच. घरी त्याने अंधाऱ्या खोलीत झगझगीत मॉनिटरवर रंग लावले होते. सिनेमागृहात पडद्यावरच्या पांढऱ्याची प्रमाणित चमक ४८ निट असते (निट हे चमक मोजायचं एकक), घरचा मॉनिटर सहज त्याच्या दुप्पट-चौपट असतो. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि चौथ्या थांब्यावर, जिथे बाई एका तुळईमागे लपलेली असते, तिथे तुळई आणि बाई दोन्ही काळोखात विरघळून गेल्या. फक्त माझा आवाज ऐकू येत होता, तिच्या श्वासाचा. प्रेक्षक शांत बसले होते. त्यांना वाटलं असेल की हे असंच आहे. दिग्दर्शकाने माझा हात घट्ट धरला होता.

पुढच्या महिन्यात त्याने एका सिनेमागृहाचे सकाळचे दोन तास मागून घेतले आणि सगळी काळोखी दृश्यं तिथल्या पडद्यावर पाहून नव्याने रंगवली. त्यानंतर फिल्म आणखी काही महोत्सवांत गेली. एका वितरकाने सगळे हक्क दीर्घ मुदतीसाठी मागितले. दिग्दर्शकाने ते दिले नाहीत, माध्यमागणिक वेगळे आणि छोट्या मुदतीचे करार केले. उत्पन्न हळूहळू येतं, पण फिल्म त्याच्या हातात आहे.

## काय वेगळं करता आलं असतं

पूर्ण फिल्मचं ॲनिमॅटिक, कच्च्या आवाजासकट, पहिला पक्का शॉट करण्याआधी व्हायला हवं होतं. पहिली आठ महिन्यांची चार मिनिटं आणि मोडलेल्या नियमाचे सहा आठवडे, यातलं बरंचसं ॲनिमॅटिकनेच वाचलं असतं. शेवटची मालिका रेखाटनांवर असतानाच कापली गेली, म्हणून तिथे नुकसान कमी झालं. पहिल्या थांब्यावर तयार शॉट कापावे लागले. रेखाटनं फाडायला एक संध्याकाळ लागते.

मला आधी बोलवायला हवं होतं, हे मी स्वतःसाठी म्हणत नाही. कोणीही आवाजवाला चालला असता, किंवा आठवड्यातून एकदा अर्धा तास बघणारं कोणीही. एकट्याने काम करताना डोळा आपल्या शॉटला सरावतो. पानाच्या फटक्यात काय अडलं होतं हे त्याच्यासारख्या अनुभवी ॲनिमेटरला दिसायला हवं होतं आणि दुसऱ्या कोणाच्या शॉटमध्ये ते त्याला क्षणात दिसलंही असतं.

सिनेमागृहाच्या पडद्यावरची चाचणी पहिल्या वर्षीच, फक्त दोन मिनिटं घेऊन, व्हायला हवी होती. अंधारावर उभ्या असलेल्या फिल्मला हे टाळता येत नाही.

त्याच्या एका निर्णयाशी मी आजही पूर्ण सहमत नाही. सातव्या थांब्यावरचं बाईचं एकटीचं दृश्य, ज्यात ती फक्त बसून हातमोजा काढते, त्याने २० सेकंदांवर आणलं. मी ४० मागत होते. तो म्हणतो, हाताच्या ॲनिमेशनला मनगट पुरलं नसतं. ते खरंही असेल.

सगळ्यात मोठा बदल क्रमाचा. पहिलं दृश्य पहिल्यांदा करायची ओढ सगळ्यांनाच असते. पण हात सगळ्यात कच्चा असतो तेव्हा केलेलं काम प्रेक्षक सगळ्यात बारकाईने पाहतो. मधल्या, तुलनेने धूसर, धुळीच्या शॉटपासून सुरुवात केली असती तर ती ११ मिनिटं कधी खुपलीच नसती.

दिग्दर्शकाने आता दुसरी फिल्म सुरू केली आहे. ४८ मिनिटांची आहे आणि तिचं ॲनिमॅटिक माझ्या कच्च्या आवाजासकट पूर्ण आहे. शॉटचे क्रमांक दहा-दहाच्या अंतराने टाकले आहेत, मध्ये काही घुसवायचं झालं तर जागा असावी म्हणून. गेल्या आठवड्यात पहिला पक्का शॉट झाला, तो ३४० क्रमांकाचा. ०१० चा फोल्डर अजून रिकामा आहे.